रविवारची गोळी

वेंगुर्ल्यात द्राक्षं कुठून येणार.
आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला
कोकमाचं आगळ असे, पाणी आणि साखर घालून,
पेराएवढ्या काचेच्या पेल्यांत.
ते तबक पप्पा फिरवायचे.

पप्पा म्हणजे नहेम्या सावर्डेकर,
मिशनच्या दवाखान्यात चौतीस वर्षं कंपाउंडर.
थेंब मोजणारा हात.
पटकीच्या साथीत, कंदिलाच्या उजेडात
रात्रभर बाटल्या लावल्या त्यांनी
आणि एकही सुई दोनदा टोचली नाही,
असं दाभोलीची एक म्हातारी अजून सांगते.

साठीनंतर तोच हात थरथरू लागला.
आधी नुसता अंगठा आणि शेजारचं बोट,
जुन्या काळी दवाखान्यात गोळ्या वळत, तसं काहीतरी
रिकाम्या हवेत वळत राहायचे.
मग मनगट.
मग तबक.
चाळीस पेले एकमेकांना लागून किणकिणत
बाकांमागून बाकं पुढे येत,
आणि डोळे मिटलेले असताना
आम्ही त्या आवाजावरून ओळखायचो
तो किती जवळ आलाय.

पांढऱ्या कापडावर डाग पडत.
आई सोमवारी मीठ चोळी, लिंबू चोळी,
विहिरीच्या काठावर उन्हात टाकी.
डाग लालाचा राखाडी होई. जात नसे.

मंडळीच्या सभेत कुणी म्हणालं,
आता एखाद्या तरुणाकडे द्यावं.
पाळक म्हणाले, अहो, शास्त्रात
भीत कापत जगा असंच सांगितलंय,
आपल्यातल्या एकाने तरी कापावं की.
सगळे हसले.
पप्पा हसले नाहीत.

पणजीच्या डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, गोळी दिली.
अर्धी सकाळी, अर्धी रात्री.
आठव्या दिवशी हात निवला,
भरती खाडीत शिरून निवते तसा.
त्या रविवारी तबक आलेलं कळलंच नाही.
समोर थांबलं तेव्हा मी दचकले.
थेंब सांडला नव्हता.
बाहेर लोकांनी स्तुती केली,
देवाची, आणि गोळीची.

घरी येऊन जेवले नाहीत.
पडवीत बसून हात उलटासुलटा करून पाहत राहिले,
रस्त्यात सापडलेलं कुणाचं पाकीट पाहावं तसा.
म्हणाले,
"आज पाण्याचा तांब्या नेल्यासारखं नेलं गो मी."

मी शिकलेली. समजावलं.
देवाचं भय म्हणजे का कापरं असतं, पप्पा?
तिथे त्याचा अर्थ आदर.
"आदर मी मामलेदाराचाही करायचो," म्हणाले.

मग बराच वेळ काही नाही.
माडावर कुणी पाडेली चढला होता, झावळ्या पडत होत्या.
मग म्हणाले, "तो उज्जा.
बैल अडखळले, कोश कलंडला,
सावरायला ज्याने हात पुढे केला.
त्याचा हात बघ. अगदी स्थिर असणार."

लहानपणापासून मला त्या गोष्टीची चीड.
सावरणाऱ्याला कुणी मारतं?
"मलाही कळत नाही," पप्पा म्हणाले.
"कळलं असतं तर भ्यालो नसतो."

त्यानंतर सोमवार ते शनिवार हात शांत.
दारावर येणारी गाबतीण विचारी,
"बापाशीचो हात बरो झालो मां?"
बरो झालो, आई सांगे.
पण शनिवारी रात्रीची अर्धी
आणि रविवार सकाळची अर्धी
ते गिळत नव्हते.
आईला ठाऊक होतं. ती गोळ्या मोजायची.
बोलली नाही कधी.
फक्त पेले निम्मेच भरू लागली.

ते गेल्यावर उशीच्या अभ्र्यात
एका कागदाच्या पुडीत सापडल्या,
एकसष्ट अर्ध्या गोळ्या,
कंपाउंडरच्या घडीची पुडी, चारी कोपरे आत.

आता तबक मी फिरवते.
माझा हात ठाक आहे, त्यांच्यावर गेलेला,
चौतीस वर्षांच्या त्यांच्या हातावर.
कुठेही खुट्ट होत नाही.
म्हणून रविवारी पहाटे,
आई उठायच्या आत,
मी पेले काठोकाठ भरते.